राजा एडवर्डपर्यंत पोचायचं तर जमिनीचे कागद वाचा

वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे खेटे घातलेल्या माणसाला मध्ययुगीन इंग्लंडची वंशावळ शोधणं फार जड जाऊ नये. हे मी थट्टेने म्हणत नाही. तेराव्या-चौदाव्या शतकातल्या इंग्लंडात कोण कोणाचा मुलगा, कोण कोणाची विधवा, हे लिहून ठेवायचं मुख्य कारण एकच होतं: मेलेल्या माणसाची जमीन आता कोणाच्या नावावर चढणार? जन्माची नोंद नाही, लग्नाची नाही, पण शेत किती, कोणाकडून मिळालेलं आणि वारस कोण याचा कागद मात्र आहे. म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्याला माझं पहिलं सांगणं हेच, की आडनावाच्या मागे धावू नका, जमिनीच्या मागे जा.

माझ्याकडे हा विषय घेऊन येतात ते साधारण दोन प्रकारचे लोक. काहींची सून किंवा जावई इंग्लंडातला असतो, आणि त्या घरात ‘आमचे पूर्वज सरदार होते’ अशी दंतकथा असते. बाकीच्यांच्या घरात खडकी, देवळाली किंवा भायखळ्याकडची एखादी अँग्लो-इंडियन आजी असते आणि तिच्या पेटीत मुकुटाचं चित्र असलेलं एखादं जुनं पत्र सापडलेलं असतं.

दोघांनाही मी आधी गणित सांगतो. वीस पिढ्या मागे गेलं की पूर्वजांच्या जागा १०,४८,५७६ होतात. तिसरा एडवर्ड राजा १३७७ मध्ये वारला तेव्हा सगळ्या इंग्लंडची लोकसंख्या पंचवीस-तीस लाखांच्या आसपास होती. म्हणजे ज्याच्या अंगात इंग्रज रक्त आहे, तो कुठून ना कुठून त्या राजाचा वंशज असण्याची शक्यता दांडगी आहे. २०१६ मध्ये बीबीसीच्या वंशशोधाच्या कार्यक्रमात डॅनी डायर हा पूर्व लंडनचा नट या एडवर्डचा वंशज निघाला, तेव्हा लोकांना फार नवल वाटलं. खरं नवल त्याच्या रक्ताचं नव्हतं. मधला प्रत्येक दुवा कागदावर सापडला, ही गोष्ट मोठी.

आजपासून मागे

उलटं कधीच जाऊ नका. राजापासून खाली यायला लागलात तर वाटेत भेटणारा प्रत्येक स्मिथ तुमचाच वाटायला लागतो. सुरुवात स्वतःपासून, आणि एका वेळी एकच पिढी.

इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, लग्न, मृत्यूची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ पासून सुरू झाली. जनगणनेत माणसं नावानिशी सापडतात ती १८४१ पासून, आणि १८५१ च्या जनगणनेत माणूस कुठल्या पॅरिशमध्ये (म्हणजे एका चर्चच्या हद्दीत) जन्मला हेही दिलेलं असतं. त्या पॅरिशच्या चर्चच्या नोंदवह्या हा पुढचा टप्पा.

ज्यांचा दुवा भारतातून जातो, त्यांच्यासाठी एक खास वाट आहे आणि ती फार कमी जणांना ठाऊक असते. ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनांच्या नोंदी ‘एन/३’ या मालिकेत आहेत. त्यांतल्या बऱ्याचशा फाइंडमायपास्ट या संकेतस्थळावर शोधता येतात. पण त्याहून मोलाचे कागद म्हणजे कंपनी सरकारच्या लष्करात अधिकारी म्हणून भरती होणाऱ्या पोरांचे अर्ज, ‘कॅडेट पेपर्स’. पोराने वयाचा पुरावा म्हणून इंग्लंडातल्या आपल्या चर्चचा बाप्तिस्म्याचा दाखला अर्जाला जोडायचा असे. पुण्याच्या दफनभूमीत गाडलेला एखादा लेफ्टनंट इंग्लंडातल्या नेमक्या कोणत्या खेड्यातून आला, हे त्या एका चिठोऱ्यावरून कळतं. आजीच्या पेटीतल्या पत्रापेक्षा हा कागद शंभरपट उपयोगी आहे.

१५३८ ची भिंत

चर्चच्या नोंदवह्या ठेवायचा हुकूम आठव्या हेन्री राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने १५३८ मध्ये काढला. त्याआधीच्या जवळपास नाहीतच. शिवाय १६४२ नंतरच्या यादवी युद्धाच्या काळात कित्येक वह्यांत खिंडारं आहेत. सामान्य शेतकरी घराचा माग बहुतेकदा इथेच थांबतो.

भिंत ओलांडायची तर सोळाव्या-सतराव्या शतकात तुमच्या वंशात निदान एक तरी जमीनदार घर लागतं, इंग्रज ज्याला ‘जेन्ट्री’ म्हणतात तसलं. ते सहसा थेट आजोबा-पणजोबांच्या ओळीत सापडत नाही. कोणातरी पणजीच्या माहेरी सापडतं. म्हणून प्रत्येक स्त्रीचं माहेरचं नाव शोधा. तिथे आळस केलात तर पुढचं सगळं बंद.

या टप्प्यावर दोन साधनं कामाची. पहिलं, मृत्युपत्रं. कॅन्टरबरीच्या वरिष्ठ धर्मन्यायालयात सिद्ध झालेली १३८० च्या दशकापासून १८५८ पर्यंतची मृत्युपत्रं क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत आणि त्यांच्या संकेतस्थळावर नावाने शोधता येतात. ‘माझ्या धाकट्या मुलीच्या लग्नासाठी शंभर मार्क’ अशा एका ओळीने तीन पिढ्या जोडल्या गेलेल्या मी पाहिल्या आहेत. दुसरं, हेराल्डांच्या फेऱ्या. १५३० ते १६८८ या काळात राजाचे चिन्हाधिकारी परगण्यापरगण्यात फिरून कुलचिन्ह लावण्याचा हक्क कोणाला आहे ते तपासत. ज्याला हक्क सिद्ध करता येत नसे त्याच्याकडून ‘मी खानदानी नाही’ असं लिहून घेत. या फेऱ्यांत उतरवून घेतलेल्या वंशावळी हार्लियन सोसायटीने छापल्या आहेत, आणि त्यांतले जुने खंड इंटरनेटवर फुकट मिळतात.

त्या वंशावळी वाचताना एक पथ्य पाळा. सांगणारा माणूस आपल्या बापाबद्दल, आजोबाबद्दल आणि भावंडांबद्दल जे बोलतो ते साधारण खरं धरायला हरकत नाही. त्याच्या वरचं सगळं म्हणजे ओसरीवरच्या गप्पा.

वारसनोंदी: इथे मुक्काम करा

आता मुख्य खजिना. राजाकडून थेट जमीन धरणारा माणूस मेला की राजाचा ‘एस्चीटर’ नावाचा अधिकारी त्या परगण्यात स्थानिक पंच गोळा करी आणि शपथेवर तीन प्रश्न विचारी: कोणती जमीन कोणाकडून धरली होती, माणूस कोणत्या दिवशी मेला, जवळचा वारस कोण आणि त्याचं वय किती. या चौकशीचा कागद म्हणजे ‘इन्क्विझिशन पोस्ट मॉर्टेम’, मरणोत्तर वारस-चौकशी. १२३० च्या दशकापासून सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे कागद आहेत. मूळ लॅटिन, पण बऱ्याच काळाचे इंग्रजी गोषवारे छापलेले आहेत, त्यामुळे लॅटिन न येणाऱ्यानेही घाबरायचं कारण नाही.

वय मात्र जपून घ्या. ‘२२ वर्षं आणि अधिक’ असं लिहिलेलं असतं, आणि त्या ‘अधिक’ मध्ये आठ-दहा वर्षं सहज मावतात. माणसाची जमीन चार परगण्यांत असेल तर चार चौकशा होतात आणि वारसाची चार वयं येतात. वारस अज्ञान असेल तर त्याचा ताबा आणि लग्न ठरवायचा हक्क राजाकडे जाई, आणि राजा तो हक्क चक्क विकत असे. पोर सज्ञान झालं की वयाचा पुरावा घ्यायला पुन्हा पंच बसत. त्यांच्या जबान्या वाचायला फार मजा येते: ‘त्या दिवशी मी घोड्यावरून पडून पाय मोडला म्हणून बाप्तिस्मा लक्षात आहे’, ‘त्याच आठवड्यात माझं घर जळालं’. पुढे अभ्यासकांच्या लक्षात आलं की त्याच त्या आठवणी वेगवेगळ्या खटल्यांत पुन्हा पुन्हा येतात. कारकुनांकडे ठरलेला मसुदाच होता म्हणायचा.

चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून एक पळवाट रूढ होत गेली. हयातीतच जमीन विश्वासू मित्रांच्या नावावर करायची आणि उत्पन्न आपण खायचं. असा माणूस मेला की चौकशीत लिहिलं जातं, ‘काही जमीन धरत नव्हता’. नवखा माणूस तिथे समजतो की हा कंगाल होता. तसं नसतं. त्याचं मृत्युपत्र शोधा.

दुसरे उपयोगी कागद म्हणजे ‘फीट ऑफ फाइन्स’. ११९५ पासून जमिनीच्या तडजोडी एकाच चर्मपत्रावर तीनदा लिहीत. वरच्या दोन प्रती दोन पक्षकारांना, आणि पायथ्याची प्रत कोर्टाच्या दप्तरात. मधून वाकडातिकडा काप घेत, म्हणजे कोणी खोटी प्रत आणली तर कडा जुळायची नाही. नवरा-बायको दोघांनी मिळून जमीन दिली-घेतली असेल तर बायकोचं नाव हमखास तिथे मिळतं. विधवेला नवऱ्याच्या जमिनीतला तिसरा हिस्सा तहहयात मिळे, म्हणून तिच्या मृत्यूनंतर, कधी तीस-चाळीस वर्षांनी, त्याच जमिनीची पुन्हा चौकशी होते आणि तोवर झालेली नातवंडंही कागदावर येतात.

कायद्यातली एक खोच पक्की लक्षात ठेवा. जुन्या इंग्रज कायद्यात सावत्र भावाला भावाची जमीन मिळत नसे, सख्ख्या बहिणीला मिळे. म्हणून भाऊ जिवंत असताना बहीण वारस झालेली दिसली, तर कागदात शब्दाने लिहिलेलं नसलं तरी बापाची दोन लग्नं झाली होती असं ओळखावं.

मुलींच्या मागे जा

थोरल्या मुलाला सगळं आणि धाकट्यांना टोपी, हा तिथला नियम. पण मुलगा नसेल तर सगळ्या मुलींना समान वाटा. यामुळे वंश शोधणाऱ्याचं खरं भलं होतं. विल्यम मार्शल हा त्या काळचा सगळ्यात गाजलेला सरदार १२१९ मध्ये वारला. त्याचे पाचही मुलगे एकामागून एक उमराव झाले आणि १२४५ पर्यंत सगळे औरस संततीविना गेले. अवाढव्य इस्टेट पाच बहिणींच्या घरांत वाटली गेली: बिगॉड, क्लेअर, फेरर्स, ब्रिओझ, मंचेन्सी. त्यातल्या सिबिलला सात मुली, म्हणजे तिच्या पाचव्या वाट्याचे पुन्हा सात तुकडे. वाटणीचे कागद झाले आणि प्रत्येक मुलीच्या नवऱ्याचं नाव नोंदलं गेलं. पुरुषांची ओळ बुडाली त्याच ठिकाणी वंशावळीला सर्वांत जास्त फांद्या फुटल्या.

याच धर्तीची एक साखळी उदाहरणादाखल उलगडून ठेवतो, कारण ती वाचताना पुष्कळ गोष्टी आपोआप कळतात. तिसऱ्या एडवर्डचा मुलगा लायनेल, क्लॅरेन्सचा ड्यूक, १३६८ मध्ये इटलीत वारला. त्याची एकुलती एक मुलगी फिलिपा हिचं लग्न मार्चचा तिसरा अर्ल एडमंड मॉर्टिमर याच्याशी. त्यांची मुलगी एलिझाबेथ मॉर्टिमर, तिचा नवरा हेन्री पर्सी ऊर्फ हॉटस्पर, जो १४०३ मध्ये श्रूजबरीच्या लढाईत पडला. त्यांची मुलगी एलिझाबेथ पर्सी, नवरा जॉन क्लिफर्ड, फ्रान्समध्ये मोच्या वेढ्यात १४२२ मध्ये ठार. त्यांची मुलगी मेरी क्लिफर्ड, नवरा सफकचा सर फिलिप वेन्टवर्थ. त्याचा मुलगा सर हेन्री, हेन्रीची मुलगी मार्जरी, आणि मार्जरीने लग्न केलं विल्टशरच्या सर जॉन सेमूरशी. मार्जरीची एक मुलगी जेन म्हणजे आठव्या हेन्रीची तिसरी राणी. दुसरी मुलगी एलिझाबेथ थॉमस क्रॉमवेलच्या मुलाला, ग्रेगरीला दिली. डॅनी डायरची वाट या क्रॉमवेल घरातूनच वर जाते.

पाहा, सलग चार दुवे बायकांचे आहेत आणि दर पिढीला आडनाव बदलतं. ‘प्लँटॅजेनेट’ या एडवर्डच्या राजघराण्याच्या आडनावाचा माणूस शोधत बसला असता तर जन्मभर काही हाती लागलं नसतं. आणि राजाची नात ते सफकच्या एका नाइटची बायको हा उतार तीन पिढ्यांत झाला. मेरीच्या नातवंडा-पतवंडांत कोणी वकील, कोणी व्यापारी झाला असेल तर त्यात आश्चर्य काय!

एकाच नावाची माणसं

वरच्या साखळीत एडमंड मॉर्टिमर आला. असे तीन आहेत: तिसरा अर्ल, त्याचा धाकटा मुलगा सर एडमंड (आपल्या एलिझाबेथचा भाऊ) आणि नातू एडमंड, पाचवा अर्ल. शेक्सपिअरने हे शेवटचे दोघे, म्हणजे काका-पुतण्या, एक करून टाकले, आणि हॉटस्परच्या बायकोला एलिझाबेथ सोडून ‘केट’ म्हटलं. नाटकात चालतं. तुमच्या तक्त्यात चालत नाही.

जुन्या कागदांत ‘धाकटा जॉन’ आणि ‘थोरला जॉन’ लिहिलेलं असलं म्हणून ते बाप-लेकच असतील असं नाही. काका-पुतणे असतील, कधी चक्क सख्खे भाऊसुद्धा, कारण धर्मपिता-मातेच्या नावावरून एकाच घरात दोन पोरांना एक नाव पडे. नावापुढचं ‘फिट्झ’ म्हणजे नुसतं ‘-चा मुलगा’. त्याचा अनौरसपणाशी संबंध नाही.

नात्यांचे शब्द आपल्याला विशेष त्रास देतात, कारण आपल्याला आते-मामे-चुलत-मावस असा चोख हिशोब लागतो. तिथे ‘कझिन’ म्हणजे रक्ताचा कोणीही, नातवंडापासून चुलत चुलत्यापर्यंत. लॅटिन ‘नेपोस’ आणि आपला ‘नातू’ एकाच मुळातून आलेले शब्द, पण मध्ययुगीन कारकून तोच शब्द पुतण्या आणि भाच्यालाही लावतो. जमीन कशी उतरली ते पाहिल्याशिवाय अर्थ लावू नका.

तारखाही तशाच. वर्ष राजाच्या राज्यारोहणापासून मोजत. ‘एडवर्ड तिसरा, वर्ष १२’ म्हणजे २५ जानेवारी १३३८ ते २४ जानेवारी १३३९. दिवस सणावरून सांगत, ‘सेंट मायकेलनंतरचा गुरुवार’, आपल्याकडे ‘दसऱ्यानंतरचा बाजार’ म्हणावं तसं. शिवाय बाराव्या शतकापासून १७५२ पर्यंत इंग्लंडचं नवं वर्ष २५ मार्चला लागे, म्हणून कागदावरचा १० फेब्रुवारी १४२१ आपल्या हिशोबाने १४२२ चा. राज्यवर्षांचा तक्ता छापून भिंतीवर लावा.

कोणावर किती विश्वास

मूळ कागदाआधी छापील ग्रंथ पाहणार हे उघड आहे. त्यांत ‘द कंप्लीट पीरेज’ हा किताबधारी उमरावांचा कोश पहिला. त्याची १९१० ते १९५९ मध्ये निघालेली दुसरी आवृत्ती वापरा, जुनी नको. तळटीपांत पुरावा दिलेला असतो, म्हणून तळटीपा हाच त्या पुस्तकाचा खरा जीव आहे. मर्यादा एवढीच की किताब धारण करणारा माणूस आणि त्याच्या बायका एवढंच त्यात येतं. धाकटे मुलगे आणि मुली बहुधा गाळलेल्या, आणि तुम्हाला तर नेमकं तेच हवं असतं. तिथे व्हिक्टोरिया काउंटी हिस्ट्रीकडे वळा. १८९९ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पात एकेका गावची जमीन कोणाकडून कोणाकडे गेली ते दिलेलं आहे. ब्रिटिश हिस्ट्री ऑनलाइनवर पुष्कळ खंड वाचता येतात. संसदेच्या इतिहासाचं संकेतस्थळ तर नाइट घराण्यांसाठी सोन्याची खाण आहे, आणि फुकट.

इंटरनेटवर लोकांनी जोडलेली झाडं इशाऱ्यापुरती पाहा. मी पहिल्या वर्षी अशाच एका झाडावरून सात पिढ्या एका संध्याकाळी उतरवल्या होत्या. दोन महिन्यांनी लक्षात आलं की त्यातली एक आई मुलापेक्षा नऊ वर्षांनी मोठी होती. तेव्हापासून माझी सवय अशी: प्रत्येक दुव्यापुढे पुरावा लिहायचा, पुरावा नसेल तर ती रेघ तुटक काढायची, आणि तुटक रेघेच्या वर एक पाऊलही टाकायचं नाही.

खोटेपणा काही आजचा नाही. बकिंगहॅमशरच्या ह्यूएन्डन गावच्या चर्चमध्ये वेल्सबोर्न घराण्याने सोळाव्या शतकात जुन्या धाटणीचे बनावट पुतळे कोरून घेतले, आपण तेराव्या शतकातल्या सायमन दी मॉन्टफर्ट या बड्या सरदाराचे वंशज आहोत हे दाखवायला. स्पेन्सर हे मेंढ्या पाळून श्रीमंत झालेलं घराणं. राजकुमारी डायना याच घरातली. त्यांना एका हेराल्डने मध्ययुगीन डिस्पेन्सर सरदारांशी नेऊन जोडलं, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला होरेस राउंड या अभ्यासकाने ती जोडणी उसवून दाखवली. ज्या वंशावळीसाठी कोणी पैसे मोजले असतील, ती दोनदा तपासा.

१०६६ च्या पलीकडे

‘आमचा पूर्वज विजेत्या विल्यमबरोबर आला’ हे वाक्य फार ऐकू येतं. हा नॉर्मंडीचा विल्यम १०६६ मध्ये हेस्टिंग्जची लढाई जिंकून इंग्लंडचा राजा झाला. हेस्टिंग्जच्या लढाईत विल्यमच्या बाजूने नक्की होता असं समकालीन पुराव्याने म्हणता येईल, अशी नावं वीसेक सुद्धा भरत नाहीत. त्या लढाईच्या नावाने फिरणाऱ्या लांबलचक याद्या पुढच्या काळात रचलेल्या आणि फुगवलेल्या आहेत. विल्यमने करून घेतलेल्या जमीन-पाहणीच्या वहीत, १०८६ च्या डोम्सडे बुकात, जमीनधारकांची नावं मिळतात आणि ती इंटरनेटवर गाववार पाहताही येतात, पण ‘रॉबर्ट’ किंवा ‘राल्फ’ एवढ्या एका नावावरून वंश जोडता येत नाही.

त्याही आधीच्या सॅक्सन घराण्यांपर्यंत पुरुषांच्या ओळीने जाणारी घरं बोटांवर मोजण्याइतकी. बर्कली घराणं ब्रिस्टलच्या रॉबर्ट फिट्झ हार्डिंगपासून चालत आलं आहे, आणि त्याचा बाप हार्डिंग हा एडनॉथ या सॅक्सन अधिकाऱ्याचा मुलगा असं बहुतेक अभ्यासक मानतात. वॉरिकशरचं आर्डन घराणं डोम्सडेमधल्या टर्किलपर्यंत पोचतं. शेक्सपिअरची आई मेरीही आर्डनच होती. तिचा बाप विल्मकोटचा शेतकरी, आणि पार्क हॉलच्या त्या बड्या आर्डनांशी त्याचं नेमकं नातं काय, याचा पक्का कागद अजून सापडलेला नाही. एवढी माणसं एवढी वर्षं शोधत असूनही तिच्या तक्त्यात ती रेघ तुटकच आहे.